बाहीवरचं लेबल

अण्णा गेल्याचं त्याच्या मुलीनं, स्नेहलनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी घरी सकाळचा पेपर चाळत होतो. "काका, अण्णा गेले," एवढंच ती म्हणाली. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग ती एकदम म्हणाली, "इथं सगळे पांढरं कापड आणा म्हणतायत. काका, अण्णांना पांढरं?"

रीत आहे, त्यामुळं पांढरंच आलं. शाहूपुरीतल्या गूळपेठेतली माणसं दर्शनाला येत होती आणि दारात क्षणभर बावरत होती, चुकीच्या घरी आल्यासारखी. भूपाल हे त्याचं नाव; पण लहानथोर सगळे त्याला अण्णाच म्हणत. त्याला पांढऱ्या कपड्यात यातल्या कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

मी मलकापूरहून कॉलेजला कोल्हापुरात आलो, तेव्हा अण्णाच्या वडिलांच्या पेढीवरची खोली भाड्यानं घेतली होती. आम्ही एकाच वर्गात. शेतकऱ्यांनी आणलेला गूळ लिलावात विकून द्यायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. वडील धोतर, सदरा, टोपी, सगळं पांढरं वापरत. पेठेतले सगळेच व्यापारी तसे. एका दिवाळीत त्यांनी अण्णाला सदऱ्याच्या कापडासाठी बाजारात पाठवलं आणि तो पोपटी रंगाचा, खिशाला जरीची किनार असलेला शर्ट अंगात घालूनच परत आला. वडिलांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बँडवाल्याचा सदरा कुठनं काढून आणलास?" अण्णा म्हणाला, "बँडवाल्याकडं लोक बघत्यात की, बाबा." बहुधा त्याच दिवशी त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

पुढं वडिलांच्या जागी तो बसू लागला आणि गादीमागच्या भिंतीत त्यानं एक पितळी हूक ठोकून घेतला. ही त्याची कामाची रीत होती. रोज नवं भडक जाकीट किंवा कोट घालून यायचं, सौदे सुरू व्हायच्या वेळेला तो हुकाला अडकवायचा आणि रंगीत बनियनवर मालाकडं जायचं. गुळाच्या ढेपा हाताळल्या की हात चिकट होतात आणि तो चिकटपणा कपड्यांना लागला की मुंग्या थेट कॉलरपर्यंत येतात. एका सोनेरी कोटाचा असा बळी गेल्यावर त्यानं हा नियम घालून घेतला. त्यामुळं पेठेत एक खूण तयार झाली. हुकाला काही चमकत असलं, की अण्णा मालाकडं गेलाय, येईल. गादीबरोबर हूकही रिकामा असला, की अण्णा नाही. शेतकरी दारातून आधी भिंतीकडं बघत आणि मग बसायचं की जायचं ते ठरवत.

त्याच्या कपाटाचं वर्णन तटस्थपणे करणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो. बेल्टचं बकल तळहाताएवढं आणि त्यावर कुठल्यातरी परदेशी कंपनीची दोन अक्षरं. टी-शर्टवर या काखेपासून त्या काखेपर्यंत दुसऱ्या एका कंपनीचं नाव, तेही चमकीच्या टिकल्यांत. पांढरे, पुढून टोकदार बूट. बिबट्याच्या कातड्याच्या छापाचा शर्ट. गॉगलच्या काचेवर कंपनीचं गोल स्टिकर तसंच, त्यामुळं डाव्या डोळ्यानं जग किंचित कमी दिसायचं. यातलं निम्मं अस्सल होतं आणि निम्मं रस्त्यावरच्या हातगाडीवरचं. अण्णा भेद करत नसे. मी एकदा विचारलं, यातलं खरं कुठलं? "खरं-खोटं बघायला ते काय सोनं हाय? चमकतंय न्हवं? मग झालं."

मी वर्तमानपत्रात काम करतो; काही वर्षांपूर्वी आमच्या पुरवणीनं वाचकांना एक प्रश्न विचारला होता, कोणती फॅशन तुम्हाला बटबटीत वाटते? इतकी पत्रं त्यापूर्वी पाण्याच्या प्रश्नावरही आली नव्हती. कुणाला छातीवर नाव मिरवणारे टी-शर्ट खटकत होते, कुणाला अक्षरांचे बेल्ट. नृसिंहवाडीच्या एका बाईंना नवरा देवळात बिबट्याचा शर्ट घालून आल्याचं दुःख होतं. लग्नात सगळ्या खानदानानं एकाच ताग्यातले कपडे शिवणं, पुढाऱ्यांचे कडक इस्त्रीचे लिनन आणि त्यावरची जाकिटं, गुडघ्यावर फाटलेल्या जीन, लेबल न काढलेले कोट... कुणी कुणाला सोडलं नव्हतं. ज्यांनी भडक रंगाला नावं ठेवली, त्यांना दुसऱ्यांनी फिक्या रंगावरून आजारी ठरवलं होतं. रविवारी ते पान छापून आलं आणि चहा व्हायच्या आत अण्णाचा फोन आला. मला वाटलं, चिडला असणार. तो आनंदानं ओरडत होता.

"भावा, आरं ह्यातलं सगळं माझ्याकडं हाय! सगळं! फकस्त फाटकी जीन न्हाय. ती आज आणतो."

त्यानं खरोखर आणली. सोमवारी दुपारी तो आमच्या कार्यालयात आला तेव्हा त्या पानावरची जवळपास प्रत्येक गोष्ट त्याच्या अंगावर एकाच वेळी होती. बातम्यांचा विभाग उभा राहिला. टाळ्या कुणी सुरू केल्या ते आठवत नाही. अण्णानं दोन टेबलांच्या मधल्या जागेत एक सावकाश फेरी मारली, वळला, गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाला, "फोटो घाला की. खाली लिवा, हा बघा नमुना." आमच्या एका तरुण उपसंपादिकेनं त्याला सरळ विचारलं, "लोक हसतात, तुम्हाला काही वाटत नाही?" अण्णा खुर्ची ओढून बसला आणि गुळाबद्दल बोलू लागला. पूर्वी पेठेत पिवळाधमक गूळ आला की बोली चढायची. काळपट निघाला तर शेतकरी मान खाली घालून उभा राहायचा. तो गूळ जनावराच्या आंबोणात जायचा. "आन् आता? पुण्याचं पावणं येतंय, पिवळ्याला नाक मुरडतंय आन् काळाच द्या म्हणतंय. वर सांगतंय, ऑरगॅनिक. आरं, गूळ त्योच, गुऱ्हाळाचं चुलवाण त्येच! मग भडक काय आन् भारी काय, हे कोण ठरवणार, ताई?" ती म्हणाली, "तुम्हीच ठरवा." "मी ठरीवलंयच की," अण्णा म्हणाला आणि पुन्हा एक फेरी मारली.

एवढ्या खात्रीच्या माणसाला मी एकदाच डळमळलेलं पाहिलं. स्नेहल त्याची एकुलती एक मुलगी. ती पुण्यात नोकरीला होती, तिथंच तिचं लग्न ठरलं. मंडळी शिकलेली, मोजकं बोलणारी. लग्नाआधी त्यांच्याकडून मोबाइलवर एक सुरेख कार्ड आलं. समारंभाला सर्वांनी फिक्या, सौम्य रंगांत यावं, अशी विनंती होती. नमुन्यादाखल रंगांचे ठिपके दिले होते. स्नेहल माझ्याकडं आली. तिला भीती होती, की हॉलमध्ये सासरची माणसं अण्णाकडं बघून एकमेकांना कोपर मारतील आणि ते तिला दिसेल. "काका, तुम्ही सांगा त्यांना. मी सांगितलं तर ऐकतील, पण तोंड एवढंसं करतील. ते मला बघवणार नाही."

मी पेढीवर जाऊन सांगितलं. अण्णानं कार्डावरचे ठिपके बराच वेळ पाहिले. "ह्यो तर पाक धुतलेला रंग हाय," तो म्हणाला. मग त्यानं मोबाइल गादीवर पालथा ठेवला. "एक सांग... पोरगी लाजती काय रं माझी?"

मी म्हणालो, लाजत नाही, घाबरते. त्यानं मान हलवली. त्या एका प्रश्नापुढं कपाटातल्या सगळ्या कपड्यांची किंमत शून्य होती, हे त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. संध्याकाळी त्यानं बिस्किटाच्या रंगाचा सूट घेतला. ओळखीच्या दुकानदारानं माप घेताना विचारलं म्हणे, "अण्णा, कुणासाठी घेताय? पावणं कुठं हाईत?"

लग्नाच्या दिवशी त्या निर्णयाचा परिणाम असा झाला, की कोल्हापुरात कुणाला वधूपिता सापडेना. गूळपेठ सगळी आली होती. माणसं दारातून आत शिरत, लांबवर चमकणारं काहीतरी शोधत आणि दारात हात जोडून उभ्या असलेल्या अण्णाला ओलांडून पुढं जात. दोघांनी तर त्यालाच विचारलं, "ओ पावणं, अण्णा कुठं हाईत?" "मीच की रं," म्हटल्यावर त्यातला एक दचकून म्हणाला, "बरं न्हाय व्हय तुमास्नी?" मंगलाष्टकांची वेळ झाली. स्नेहलच्या मामानं माइक घेतला. "वधूपित्यानं स्टेजवर यावं! अण्णा, जिथं असशील तिथनं ये!" अण्णा त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. हळूच म्हणाला, "आलोय रं." मामा त्याच्याकडं बघून पुन्हा माइकवर, "अण्णा, मुहूर्त चाललाय!"

स्नेहल तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून येत होती. ती नंतर मला म्हणाली, लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर गेलं की ती आधी अण्णांना शोधायची. शेकडो पालकांत एका नजरेत सापडायचे. ती सवय अंगात होती. तिनं हॉलभर नजर फिरवली, पुन्हा फिरवली आणि वडील दिसलेच नाहीत. ती चालता चालता थांबली. वऱ्हाड थांबलं. शेवटी तिला तो दिसला, बिस्किटी माणसांच्या रांगेत तिसरा... ती सरळ त्याच्याकडं गेली.

"अण्णा, गाडीत दुसरं काही आहे?"

"हाय की," अण्णा म्हणाला. क्षणाचाही विलंब नाही.

"मग जावा. बदलून या. मी थांबते."

आणि मुहूर्त थांबला. भटजी घड्याळाकडं बघत होते, पुण्याची मंडळी एकमेकांकडं, आणि स्नेहल दाराकडं. गाडीच्या डिकीत त्यानं एक मोरपंखी जाकीट घडी करून ठेवलं होतं, अंगभर टिकल्या आणि गळ्याला सोनेरी दोरा. ते घालून तो दारात आला, तेव्हा हॉलमध्ये जो आवाज उठला तो मी कुस्तीच्या मैदानातच ऐकला आहे. शिट्ट्या, फेटे वर, "आलं, आलं, अण्णा आलं!" स्नेहल हसत होती आणि डोळे पुसत होती. तिनं त्याचा हात धरला आणि स्टेजवर नेलं. सासरच्यांनी कोपरं मारली की नाही, ते तिनं पाहिलंच नाही, आणि मीही नोंद ठेवली नाही.

जेवणाच्या पंगतीआधी व्याही अण्णाजवळ आले. गंभीर गृहस्थ. त्यांची नजर जाकिटाच्या बाहीवर अडकली होती. मनगटाच्या वर कंपनीचं लेबल तसंच शिवलेलं होतं. ते आवाज खाली करून म्हणाले, "अण्णासाहेब, गैरसमज नको... पण हे लेबल विकत घेतल्यावर काढायचं असतं."

"व्हय, ठावं हाय मला," अण्णा म्हणाला. "दुकानदार कात्री घिऊन आलता. मीच हात धरला त्याचा. आमच्या पेठेत शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी असती मालाला. चिठ्ठी पडली की ढेप तशीच पडून ऱ्हाती, कुणाची म्हणून कुणी इचारत न्हाई. मगाशी बघितलंसा न्हवं, माझी काय गत झाली?"

व्याह्यांनी त्या लेबलाकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग फोटोग्राफरला हाक मारली आणि अण्णाला म्हणाले, "मग ती बाही पुढं घ्या. फोटोत दिसू दे." तो फोटो दोन्ही घरांत लागलेला आहे.

परवा मी पेढीवर गेलो होतो. अण्णा जाऊन काही महिने झाले, पावसाळा सरला, गुऱ्हाळं लागली, नव्या गुळाचे सौदे सुरू झालेत. स्नेहल पुण्याहून आली होती, दिवाणजींसोबत हिशेबाचं बघायला. हुकाला ते मोरपंखी जाकीट होतं. शेवटच्या दिवशी अण्णा ते तिथंच ठेवून घरी गेला होता आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. दिवाणजींनी विचारलं, "ताई, काढून ठेवू? धूळ बसतीया." स्नेहलनं ते उतरवलं आणि झटकलं. बाहीवरच्या लेबलाचा एका बाजूचा टाका निघाला होता, ते लोंबत होतं. दिवाणजींनी पोती शिवायची दाभण पुढं केली. ती नको म्हणाली, शेजारच्या दुकानातून बारीक सुई आणि दोरा आणवला आणि गादीवर बसून लेबल पुन्हा शिवलं. चारही बाजूंनी, घट्ट. दोरा दातानं तोडला आणि जाकीट जागेवर अडकवलं.

तेवढ्यात दारात एक म्हातारा शेतकरी आला. शाहूवाडीकडचा असावा, हंगामातली त्याची पहिलीच खेप. त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला, रीतीप्रमाणं आधी भिंतीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा सैलावला.

"अण्णा मालाकडं गेल्यात व्हय? असूंदे, असूंदे. बसतो मी."

दिवाणजींनी माझ्याकडं पाहिलं, मी स्नेहलकडं. त्याला सांगायचं तर होतंच. पण तो भिंतीला टेकून, पाय पसरून, निवांत झाला होता.

"बसा, काका," स्नेहल म्हणाली. "चहा येऊ दे आधी."