जवसाची चटणी आणि माझा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका धंद्याला घातक माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात झाला नाही. डोक्यावर डबे वाहून मी कंपू नावाच्या वस्तीत तेलाचं दुकान उभं केलं, आणि हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, सरकारी कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा, संध्याकाळी त्याच दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकाला विचारायचा, "अम्मा, रोज एक ही तेल खाती हो?" मग व्याख्यान. शरीरातल्या पेशी शेजाऱ्यांसारख्या भिंतीपलीकडे सतत बोलत असतात. त्या भिंती आपण खाल्लेल्या तेला-तुपाच्या. भिंत बिघडली की निरोप चुकतात, मग एखादी पेशी कुणाचंच ऐकेनाशी होऊन वाढत सुटते आणि बिऱ्हाड उचलून दुसऱ्या अवयवात जाते. अम्मा रिकामी बाटली घेऊन परतायची. लग्नात हा पंगतीऐवजी कढईपाशी, तेल निरखत सापडे. किला गेटच्या एका हलवायाने तर झारा उगारून विचारलं होतं, "मास्टरजी, कचौड़ी खानी है कि उसका इम्तहान लेना है?" बाजारात मात्र हा भाजीवाला सांगेल तो भाव मुकाट्याने देई. मला लाज वाटायची.

छत्तीसगड वेगळं झालं त्या वर्षी तिकडे बदलून जाणाऱ्या सरकारी नोकरांच्या यादीत त्याचं नाव आलं, आणि त्याच महिन्यात माझ्या बायकोच्या स्तनातली गाठ काढली. कॅन्सरची. पुढे पसरेल का, एवढा एकच प्रश्न घरात उरला. मेहुणा रोज जवसाची चटणी कुटून आणू लागला. मी त्याला जिन्यात गाठलं.

"याने पसरणार नाही ना?"

"उंदरांवरच्या प्रयोगांत काही काही दिसलंय, भाऊजी. माणसांचं ठाऊक नाही. डॉक्टरांचं औषध चुकवू नका. ही चटणी आहे."

"बरं, रुपयात बारा आणे तरी?"

"नाही सांगता येणार."

"आठ? अरे, सख्खी बहीण आहे तुझी! तिच्यासमोर नुसतं हो म्हण."

भाजीवाल्यापुढे मान तुकवणारा माणूस माझ्यापुढे तसूभर हलला नाही. तिने विचारलं तेव्हाही म्हणाला, "ताई, मला माहीत नाही. भीती मलाही वाटते." मी इतका भडकलो, की तो रायपूरला निघाला तेव्हा पोचवायला स्टेशनवर गेलो नाही.

रोग परतला नाही. का, ते डॉक्टरही सांगत नाहीत. दर तपासणीनंतर ती रायपूरला फोन करते; तो रिपोर्ट दोनदा वाचायला लावतो आणि बजावतो, "चटणीमुळे, असं लोकांना सांगू नकोस." माझा राग टिकून आहे. परवा तिला म्हटलं, एक हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?

"हो हो तर सगळेच म्हणत होते. तुम्हीसुद्धा," ती म्हणाली. "माझ्याजवळ बसून घाबरला तो एकटाच."

दुसऱ्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी स्वतः रायपूरला फोन लावला. कॉलेजात उचलणारा म्हणाला, सर तासावर आहेत. मी फोन धरून थांबलो.