तिच्या बोटाएवढी फट

मी पत्ता पुढं सरकवायचा, तिनं फटीत बोट धरायचं, मी म्हणायचं ओढ, तिनं दोरा ओढायचा आणि बोट काढायचं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हेच. शनिवारची सकाळ होती, न्याहारी झालेली. शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पुठ्ठ्याचे पत्ते पसरलेले. ती कन्नडमधे मोजायची, माहेर अक्कलकोटचं ना. मी मनात मराठीत मोजायचो.

"तुमचं तोंड हलतंय," ती म्हणाली. "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"न्हाय."

ती हसली. मला कुठलं हसू येतंय, जीव त्या पत्त्यांत अडकलेला.

काम काय होतं ते सांगतो. चादरीवर मोर उठतो तो मागावर बसवलेल्या जेकार्डमुळं, आणि जेकार्डला मोर कळतो तो भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून. एक पत्ता म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. भोक असेल तिथला उभा धागा वर जातो, नसेल तिथला खाली राहतो. असे शेकडो पत्ते दोऱ्यानं ओवून माळ केली की ती मशीनवर गोल फिरत राहते. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण पत्ता वाचायला शाळा लागत नाही. भोकं मी पाडायचो, माळ ती ओवायची. पहिल्या पत्त्यावर ती हळदीचं बोट लावायची, म्हणजे मशीनवर माळ लावणाऱ्याला वाचता येवो न येवो, सुरुवात कुठली आणि वरची बाजू कुठली ते कळावं.

आणीबाणी उठली त्या वर्षी मालकांनी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शेड टाकलं आणि दुसऱ्या बनावटीची जेकार्डं आणली. नक्षी जुनीच हवी, पण जुने पत्ते त्यावर बसेनात. नव्या मशीनला भोकं एकमेकांच्या जवळ लागायची, आणि पत्ते ज्या चौकोनी ठोकळ्यावरून फिरतात तो जाड. म्हणजे जुना पत्ता समोर ठेवून एकेक भोक बघायचं आणि तीच ओळ नव्या पत्त्यावर नव्या जागी पाडायची. एक भोक चुकलं तर प्रत्येक चादरीत मोराच्या मानेला चीर.

मालक म्हणाले, "अण्णा, मोराचा संच सोमवारी चढवू. चालला तर बाकीच्या नक्ष्या तुमच्याकडंच. न्हाय चालला तर मी बाहेरनं तयार आणणार, मग रुसू नका."

मी कशाला रुसतोय. साठी उलटलेली, दुसरं काही येत नाही.  तेव्हापासून पाडलेला पत्ता मी उजेडाला धरून तीन-तीनदा बघायचो.

खरी भीती भोकांची नव्हती, फटीची होती. दोन पत्त्यांमधली फट त्या ठोकळ्याला बेताची हवी. कमी पडली तर पत्ता वर चढतो, जास्त झाली तर घसरतो, आणि माळ फाटते. नवं मशीन बसवणाऱ्या जॉबरनं मापाला लाकडी पट्टी दिली होती. हिनं पट्टी एकदा फटीत धरली, मग आपलं मधलं बोट धरलं आणि म्हणाली, "हेवढंच हाय की." पट्टी गेली चुलीत. मी लई बोंबललो.

"पट्टी हरवंल," ती म्हणाली. "बोट कुटं जातंय?"

त्या शनिवारी ती म्हणाली, पाठीत कळ येतीय. थोड्या वेळानं परत म्हणाली. मी म्हणालो, "एवढी माळ उरक, मग दवाखान्यात जाऊ." हे मीच म्हणालो, दुसरं कुणी नाही. चाळीसेक पत्ते राहिले असताना "जरा पडते" म्हणून ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. मी राहिलेल्या पत्त्यांची भोकं तपासत बसलो. बारा वाजले तेव्हा भाकरी कधी टाकतीस म्हणून हाक मारली. दोनदा मारली. तिसऱ्यांदा रागानं मारली.

तिचा भाऊ दुपारच्या एसटीनं आला. दिवस मावळताना तिला माती दिली.

रविवारी उजाडताच मी पत्ते पुढं ओढले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आज तरी ऱ्हाऊ द्या. लोक काय म्हणतील?"

"आपल्यात सुतक न्हाय," मी म्हणालो. "आणि उद्या संच चढायचाय."

माझं बोट जाड, भोकं पाडून पाडून चपटं झालेलं. ते फटीत जाईना. सरपणातली एक तुराटी घेतली आणि तिनं धरलेल्या पहिल्या फटीत नेमकी बसेपर्यंत तासली. मग माझा स्वभाव, पहिल्यापासून प्रत्येक फटीत काडी घालून बघत गेलो. एकेक फट सारखी. काडी घालावी, किंचित अडावी, निघावी. भीती जरा कमी व्हायला लागली होती. शेवटाकडं आलो आणि एका फटीत काडी सैल पडली. पुढच्यात पण. त्याच्या पुढच्यात पण. हातात दोरा ओढायचा जोर राहिला नव्हता तिच्या. तिथून पुढं तिनं एकतीस पत्ते ओवले होते. समोर मीच बसलो होतो, ओढ म्हणत. कळ येतीय म्हणून मला ती दोनदाच म्हणाली.

तो संच सोमवारी चालला, पुढं कितीतरी वर्षं चालला. पण रविवारी सकाळी ते मला माहीत नव्हतं. मी सुरीच्या टोकानं शेवटची गाठ सोडवायला घेतली.

"अक्काच्या हातचं हाय," मेव्हणा म्हणाला. "तेवढं तरी तसंच ऱ्हाऊ द्या की."

"मशीन घेणार न्हाय."

एकतीस पत्ते उसवले. दोरा तोडला नाही, तोच परत ओवायला घेतला. एकट्यानं जमेना. मेव्हण्याला समोर बसवलं, काडी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "फटीत धर. मी ओढतो, मग काढ."

त्यानं धरली. मी ओढला. त्यानं काढली, आणि तो कन्नडमधे मोजायला लागला.

"गप बस," मी म्हणालो. "मी मोजतो."