बेडकाच्या काळजावरचं वजन

मी एकदा एका बेडकाच्या काळजावरचं ओझं उतरवलं. हसा, हसा. माझ्याएवढी दयाळू पोरगी तेव्हा साऱ्या सातारा-सांगलीत नव्हती, आणि माझ्याएवढी बावळटही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. कुंडलहून सकाळच्या एसटीनं निघायचं आणि मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून उभं राहायचं. आमच्या मॅडम बेडकाचं हृदय किती जोरानं आकसतं ते मोजत. बाहेर काढलेलं हृदयही खारं पाणी टाकत राहिलं की कितीतरी वेळ धडधडे. त्याला दोरा, दोऱ्याला हलकी काडी. काजळी धरलेला कागद फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेला; काडीचं टोक त्यावर ठोक्यागणिक पांढरी रेघ ओढी. काडीला वजन टांगलं की रेघ बुटकी होई. कुठल्या वजनाला किती बुटकी, याच्या चार महिन्यांच्या नोंदी मॅडमच्या वहीत होत्या. सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

त्या दिवशी पाच ग्रॅम टांगून त्या चहाला गेल्या. "पाणी टाकत राहा. बाकी कशाला हात लावू नकोस."

मी बघत बसले. एवढंसं काळीज, आणि दर ठोक्याला पितळी वजन उचलतंय! आमच्याकडे कुणी डोक्यावर भारा घेऊन आलं की उतरवायला हात द्यायची रीत. मी दिला. वजन काढून पदराच्या गाठीत बांधलं. काडी टुणकन वर उडाली. "घे आता दम," असंही मी त्याला म्हणाले.

मॅडम आल्या. उंच रेघा बघून त्यांचा चेहराच उतरला. दोरा तपासला, काडी तपासली. वजन टेबलाखाली लोंबायचं, तिकडे बघायचं त्यांना सुचलंच नाही.

"पाच ग्रॅम टांगूनही एवढी उंच रेघ? म्हणजे चार महिने काडीच चुकत होती!" त्यांनी वही उघडली आणि नोंदींवर फुली मारायला लाल पेन टेकवलं.

आता नोकरी गेली, हे मला कळून चुकलं होतं. पण ते पेन बघून कशीबशी गाठ सोडली.

"आवं मॅडम, म्या काढलं. लय ओझं व्हतं त्याला."

त्यांनी वजनाकडे बघितलं, पेनाला टोपण लावलं आणि स्टुलावर बसून इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मी मात्र भोकाड पसरलं.

"रडू नको गं. नोंदी बरोबर आहेत, जिवात जीव आला माझ्या. लाव ते परत. आणि मग मघासारखंच काढ, पण या वेळी माझ्यासमोर. ओझं उतरल्यावर रेघ किती उंच जाते, तेही वहीत लिहू."