डासबाईच्या नऊ वह्या

नगरपालिकेच्या दप्तरी तिचं पद कीटक निरीक्षक असं होतं, पण ज्या वस्तीत ती घरोघर फिरायची तिथे सगळे तिला डासबाईच म्हणत. दार वाजलं की आतून ओरड व्हायची, "डासबाई आल्या गं, टाकीवर झाकण टाक!" ती हसायची आणि नेमकं तेच झाकण उघडायला सांगायची. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात लांब दांड्याची पळी. पाण्यात पळी बुडवायची, अलगद उचलायची आणि उजेडात अळ्या मोजायच्या. खात्याच्या फॉर्मात दोनच रकाने होते, अळ्या आहेत किंवा नाहीत. तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं नाही. किती आहेत, कुठल्या जातीच्या, पाणी पिंपातलं की कुंडीखालच्या ताटलीतलं, हे सगळं ती स्वतःच्या वहीत उतरवायची. वर्षाला एक वही. अशा नऊ वह्या साठल्या होत्या.

छत्तिसाव्या वर्षी तिने जीवशास्त्रात एम.एस्सी. करायचं मनावर घेतलं, तेव्हा घरातून आडकाठी आली नाही. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. तो म्हणाला, "लोकांचे दात घासण्यात माझा जन्म गेला. तू तरी शीक." खात्याने दोन वर्षांची रजा दिली. प्रवेश मात्र दोन ठिकाणी मिळाला आणि तिथेच घोडं अडलं.

एक होतं शहरातलं मोठं विद्यापीठ, घरापासून वीस मिनिटांवर. दुसरं बसने दोन तासांवरचं एक छोटं कॉलेज. तिथे जायचं तर सोमवार ते शुक्रवार वसतिगृहातच राहावं लागणार होतं.

"यात ठरवायचं काय?" सासूबाईंनी निकाल दिला. "लेक तिसरीत, माझे गुडघे हे असे. आणि त्या कॉलेजचं नाव तरी कुणी ऐकलंय का?"

ती त्या कॉलेजात एकदा जाऊन आली होती. विभागप्रमुख बाई चष्मा कपाळावर चढवून तासभर वह्या चाळत बसल्या आणि मग एकच बोलल्या, "पाण्याचं तापमान कुठेय?"

"नाही लिहिलं."

"नऊ वर्षांत एकदाही नाही?" बाईंनी पान तिच्याकडे फिरवलं. "आणि या दोन जाती इथे तुम्ही एकच धरलेल्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या होत्या?"

"आमच्या खात्यात सूक्ष्मदर्शक नाही."

"आमच्याकडे तीन आहेत. त्यातला एक चालतो."

परतीच्या बसमध्ये तिचे डोळे भरून आले होते. नऊ वर्षं उन्हातान्हात फिरून हे ऐकायचं? घरी येऊन तिने सांगून टाकलं की विद्यापीठच बरं.

दोन्हीकडे प्रवेशाचा शेवटचा दिवस एकच होता, शुक्रवार. मूळ गुणपत्रिका जमा करायच्या होत्या आणि त्या तर एकाच जागी देता येणार. नवऱ्याने रजा टाकली. सकाळी दोघं विद्यापीठात गेली आणि खिडकीवर फाइल दिली.

"डोळ्यांत तेल घालून तपासतो," कारकून म्हणाला. "विभागप्रमुखांची सही आली की रजिस्टरात नोंद. एकदा नोंद झाली की कागद दोन वर्षं आमचे, हं."

नवरा बाकावर बसला आणि ती वर विभागात गेली. तिथले सर दीड वाजता भेटले आणि फारच गोड बोलले. त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुढे केली.

"वह्या आणल्यात ना? फोनवर सांगितलं होतं मी." पहिली वही उघडताच ते सावरून बसले. दुसरी, तिसरी, पानं भराभर उलटत गेले. "अहो, सोनं आहे हे, सोनं!"

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्यात सरांनी घंटी वाजवली आणि आलेल्या शिपायाच्या हाती सगळा गठ्ठा ठेवला. "झेरॉक्सला दे. सगळ्या."

"सर, झेरॉक्स कशाला?"

"विभागाच्या संग्रहाला. तुम्ही आता आमच्याच की."

"मग माझा प्रबंध या वह्यांवरच असेल ना?"

"त्याची कसली घाई?" सर हसले. "तुम्हाला सध्या बेडकांवर घालू. डासांवर आमचा एक प्रकल्प चालू आहेच, तिथली मुलं बघतील हे."

तिने कप खाली ठेवला. सर घड्याळाकडे बघत उठले, "चारपर्यंत सही करून खाली पाठवतो," म्हणाले आणि बैठकीला गेले.

ती बाहेर आली आणि बराच वेळ वह्या शोधत हिंडली. बोळाच्या टोकाला मोरीवर एक मुलगी काचेची भांडी विसळत होती. झेरॉक्सची खोली कुठे, असं विचारल्यावर मुलीने मान वळवून तिला नीट न्याहाळलं.

"तुमच्याही वह्या का?"

"म्हणजे?"

"मी गोगलगायी आणल्या होत्या. सहाशे. गावोगाव फिरून गोळा केलेल्या." मुलीने आवाज खाली आणला. "त्यांच्यावर लेख छापून आला. वर पाच नावं होती."

"तुझं कितवं?"

मुलीने नळ मोठा सोडला. मग मान न वळवताच म्हणाली, "जिन्याखालची खोली."

ती भराभर जिना उतरली. जिन्याखाली यंत्राचा हिरवा उजेड सरकत होता आणि समोर चष्मेवाले एक म्हातारे गृहस्थ तिची चौथी वही उलटी पसरत होते.

"माझ्या वह्या परत द्या."

"सरांनी पाठवल्यात, बाई."

"सरांनी पाठवल्यात, पण त्या माझ्या आहेत. वर नाव बघा, अक्षर बघा."

म्हाताऱ्यांनी पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, दाराकडे पाहिलं आणि नऊही वह्या मुकाट्याने पुढे सरकवल्या. ती म्हणाली, "तीन वह्यांच्या प्रती निघाल्यात, त्याही द्या." तेव्हा मात्र त्यांनी कागदांवर हात ठेवला. "कागद विभागाचा आहे. हे दिले तर माझी नोकरी जाईल."

तिला ते कागद हिसकावून घ्यावेसे वाटले. पण म्हाताऱ्यांनी दुसरा हातही कागदांवर ठेवला. ती वह्या छातीशी धरून निघाली.

खिडकीपाशी येईपर्यंत पावणेतीन झाले होते. तिचा चेहरा बघून नवरा ताडकन उठला. "काय झालं गं?"

"फाइल परत घ्यायचीय. तीनची बस पकडू."

"डोकं फिरलंय का तुझं? सही व्हायची तेवढी राहिलीय!"

"म्हणूनच. अहो, त्यांना मी नकोय, या वह्या हव्यात. मला बेडकांवर घालणार आहेत."

"मग बेडकांवर शीक! डिग्रीला काय डास चावलाय?" तो भडकला होता. रांगेतली माणसं वळून बघू लागली तसा त्याने आवाज दाबला. "पोरीचं काय? आईचं काय? पाच दिवस घर कोण बघणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही केलेली कवळी कुणी स्वतःची म्हणून विकली तर चालेल तुम्हाला?"

तो दोन ढांगांत खिडकीशी गेला. "भाऊसाहेब, आमची फाइल द्या."

"सहीला जायचीय ती."

"गेली नाही ना अजून? नोंद झाली नाही ना? मग द्या."

कारकुनाने फोनकडे हात नेला, वर विचारावं की नाही अशा विचारात पडला. तिचा जीव टांगणीला लागला. शेवटी त्याने खांदे उडवले. "उद्या रडत येऊ नका," म्हणाला आणि फाइल आपटली.

बस सुटता सुटता मिळाली. कॉलेजचं ऑफिस पाचला बंद व्हायचं आणि वाटेत एका पुलाचं काम चालू होतं. बस तिथे पंचवीस मिनिटं अडकली. तिने कॉलेजच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "नियम नियम आहे, पाचला बंद म्हणजे बंद," आणि फोन ठेवला. नवरा खिडकीबाहेर बघत होता. आता ना इकडचं ना तिकडचं, हे दोघांनाही कळत होतं. घरी सासूबाईंना कुठल्या तोंडाने सांगायचं?

साडेपाचला दोघं धापा टाकत फाटकातून आत शिरली. ऑफिसचा दिवा चालू होता. कारकून किल्ली हातात घेऊन उभा होता आणि त्याच्या खुर्चीत बसून बाई गेल्या वर्षीची हजेरी ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या.

"मॅडम, आता तरी उठा," तो काकुळतीला आला होता.

"हा एक बेरजेचा घोळ सुटला की उठते." बाईंनी वर पाहिलं. "आलात? कागद इथे ठेवा. आणि सोमवारी येताना थर्मामीटर आणा."

सासूबाई महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याने घर सांभाळलं, पण कुरकुरत सांभाळलं. आणि चालणाऱ्या त्या एका सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्याच सत्रात कळलं की बाईंचा संशय खरा होता. तिने पहिली चार वर्षं दोन जाती एकच समजून लिहिल्या होत्या. त्या चार वह्या बाजूला ठेवाव्या लागल्या; पाचवीपासून ती अळ्यांची चित्रंही काढायची, म्हणून पुढच्या वाचल्या. त्या दिवशी प्रयोगशाळेत ती ढसाढसा रडली. बाईंनी रडू दिलं आणि मग पाचवी वही उघडून समोर ठेवली. उरलेल्या पाच वर्षांवर तिने प्रबंध लिहिला. वर नाव एकच होतं. त्या तीन वह्यांच्या प्रतींचं पुढे काय झालं, ते तिला कधीच कळलं नाही.

दोन वर्षांनी ती पेटी घेऊन घरी परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला सवयीने कंगवा घेऊन लेकीच्या मागे बसली. लेक पाचवीत गेली होती. तिने आईच्या हातातून कंगवा काढून घेतला.

"मी घालते माझी वेणी," ती म्हणाली. "तू बस नुसती."

ती बसून राहिली. वेणी तशी वाकडी आली होती, पण घट्ट होती.