अंगणाची प्रॅक्टिकल वही

आमचं अंगण मी ताईच्या शिवणकामाच्या टेपानं मोजलं. घरात दुसरा टेप नव्हता. एक टोक ताईच्या हातात, दुसरं माझ्या हातात, आणि दर पाच फुटांवर मी चुन्यानं एक खूण करायची. तिसऱ्या खुणेपर्यंत आम्ही दोघी इतक्या हसत होतो की टेप सारखा सैल पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं. बाबा बैलांना पाणी दाखवून परत येत होते. फाटकात थांबून त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं.

"काय वं, अंगणाचं ब्लाउज शिवून राह्यल्या का?"

"हो बाबा," ताई म्हणाली, "बाह्या किती ठेवू सांगा."

हे सगळं ताईच्या लग्नावरून सुरू झालं होतं. ताईला लग्न दारातच हवं होतं. मुकुटबनपासून थोडं आत आमचं गाव आहे. आमच्या गावात आता बरीच लग्नं वणीच्या हॉलमध्ये होतात. तिथे एक लग्न आटोपायच्या आत दुसऱ्या लग्नाचे पाहुणे दारात उभे असतात, हे ताईनं मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं. तिनं आईला सांगून टाकलं, "माहं लगन माह्या दारात करा, नाही त मी हॉलच्या पायरीवरून वापस येईन."

बाबांची अडचण वेगळी होती. आमच्या अंगणातली माती काळी, कपाशीच्या वावरातलीच. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की आईची एक पाटली दोन वर्षांपूर्वी त्यात गेली ती अजून सापडली नाही. "म्हातारे पाहुणे येतीन, पाय अडकून पडतीन," बाबा म्हणायचे. शेवटी त्यांनी तोड काढली. अंगण पाहुण्यांच्या पायाजोगं होत असेल तर लग्न दारात, नाहीतर हॉल. हॉलवाल्याला पाडव्यापर्यंत कळवायचं होतं. मग ते माझ्याकडे वळले.

"तू कालेजात जाते ना? मंग तूच सांग कसं करायचं ते."

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आजवर मला घरात मोबाईलमधलं वाचून दाखवायला आणि फॉर्म भरायला बोलावत. एवढं मोठं काही कोणी विचारलं नव्हतं. मला अंगणातलं काय कळतं, असं म्हणणार होते. पण ताई बाबांच्या मागे उभी राहून माझ्याकडे अशी डोळे मोठे करून पाहत होती की मी म्हटलं, "रविवारपर्यंत सांगते."

त्या आठवड्यात वर्गात माझं लक्ष कुठे होतं ते मी सांगत नाही. मी वाचलं, फोटो पाहिले, आणि ठरवलं की विटांचं अंगण करायचं. विटा आडव्या, एकमेकींत तिरप्या गुंतलेल्या. सिमेंटचे गट्टू एस.टी. स्टँडवर असतात तसे नाहीत, भट्टीतल्या साध्या भाजक्या विटा. मला एखादी गोष्ट लिहायची तर एकाच पद्धतीनं येते, म्हणून मी प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलं.

उद्देश: घरासमोरील अंगणात विटांची फरसबंदी करणे.
साहित्य: विटा, मुरूम, रेती, दोरी, ताईचा टेप.
कृती: चार पानं.

उजवीकडच्या पानावर स्केचपेननं आकृती काढली. मधोमध मांडवाचा चौकोन, त्यात खांबांची नऊ लाल टिंबं. दाराजवळच्या टिंबाला, म्हणजे मुहूर्तमेढीला, मी पिवळा गोलही केला. त्या आकृतीवर मी इतकी खूश होते की बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही ती दाखवली. त्या म्हणाल्या, "छान हाय. स्वेटरचं डिझाइन हाय का?"

रविवारी घरात सगळ्यांना विचारून घेतलं. कोणाला काय हवं ते आधी विचारावं असं मी वाचलं होतं. आई म्हणाली, दाराशी दोन हात माती तशीच ठेव, मी सडा कुठं टाकू, विटांवर? ती पट्टी मी हिरव्या रंगानं सोडली. बाबा म्हणाले, पाणी कडुलिंबाकडे गेलं पाहिजे, घराकडे नाही. तो उतार बाणानं दाखवला. ताईला फोटोत मागे दोरीवरचे कपडे यायला नको होते. दोरी परसात हलवली. मला वाटलं, आता काही राहिलं नाही.

नमुना म्हणून सपरीतल्या, म्हणजे घरापुढच्या पत्र्याखालच्या जुन्या विटा आणून मी दोन हात जागेत मांडून दाखवल्या. आई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे त चटईची वीण हाय," ती म्हणाली. "माहेरी शिंदीच्या चटया अशाच विणत. इथं चुकली तू, ही वीट फिरव."

मी फिरवली. खरंच चुकली होती. मग आईच खाली बसली आणि आम्ही तिघींनी सपरीतल्या विटा संपेपर्यंत ती चटई विणली. चुलीवरची भाजी लागली तेव्हा कुठे उठलो. बाबांनी करपलेली भाजी मुकाट खाल्ली, आणि हात धुता धुता म्हणाले, "हॉलवाल्याले नाही सांगून टाकतो."

मी नाचले. मला नाचता येत नाही, तरी.

मिस्त्री मुकुटबनहून आले. आमच्या भागातली निम्मी घरं त्यांच्या हातची. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून चारही पानं उलटली, आकृती आडवी धरली, उभी धरली.

"बेटा, याच्यात विटेचं माप काय लिवलं?"

मी पुस्तकातलं माप सांगितलं. चाचांनी ट्रॉलीतून उतरलेल्या ढिगातल्या पाच विटा उचलून ओळीनं मांडल्या. एक लांब, एक आखूड, एक पोटाशी फुगलेली.

"तुह्या मायनं थापलेल्या दोन भाकरी सारख्या निघते का?"

"नाही निघत," आई आतून म्हणाली.

"मंग ह्या कशा निघतीन? ह्याही हातानंच थापल्या."

मला फार लाज वाटली, पण चाचा हसत होते. त्यांनी सगळ्या विटा लांब, मध्यम, आखूड अशा तीन ढिगांत लावायला सांगितल्या. ते काम ताईनं आणि मी केलं. तीन हजार विटा. नवऱ्या मुलीचे हात खराब होतील म्हणून आई ओरडायची, आणि ताई ओढणी हातांना गुंडाळून पुन्हा ढिगापाशी यायची. लेव्हलच्या नळीचं तर मला वेडच लागलं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला थांबतं. हे मी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, पण आमच्या अंगणात ते खरोखर होतं हे पाहून मी चाचांना चारही कोपरे दोनदा मोजायला लावले.

"बस झालं बेटा, पाण्याले चक्कर येईन आता."

भांडण झालं ते सिमेंटवरून. चाचांचं म्हणणं, विटांच्या फटीत सिमेंट भरायचं म्हणजे काम पक्कं. माझ्या वहीत फक्त रेती होती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. वरचं सिमेंट तडकेल, सुट्या विटा मात्र मातीबरोबर हलतील, असं मी वाचलं होतं. एवढं बोलेपर्यंत माझा आवाज बारीक झाला.

"सिमेंट नाही त मिस्त्री कायले पाह्यजे?" चाचा बाबांना म्हणाले. "लग्नात एक वीट हालली न् व्याही पडला, त नाव कोणाचं जाईन?"

"तिचं," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तिनं लिवलं हाय, तसंच करा."

मी वहीतलं ते पान पुन्हा एकदा वाचून घेतलं. फक्त कडेची एक ओळ चाचांनी सिमेंटमध्ये बसवली, बाकी सगळं रेतीवर. वर झाडूनं रेती पसरली, ती फटींत उतरली, धुम्मसानं ठोकलं. काम संपलं त्या संध्याकाळी अंगण ओल्या विटांच्या रंगाचं, लाल लाल दिसत होतं. ताई अनवाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेली, नवरीसारखी हळू, आणि परत येताना पळत आली.

मांडवाच्या दिवशी मामा आले. आईचे मोठे भाऊ. मांडव घालायचं काम त्यांचंच. बैलगाडीत खांबांच्या बल्ल्या, जांभळीच्या हिरव्या फांद्या, मुहूर्तमेढीसाठी उंबराची फांदी, खांद्यावर सब्बल, म्हणजे खड्डे खणायची पहार. मी मुद्दाम फाटकापाशी उभी होते, ते काय म्हणतात ते ऐकायला. मामा आत आले. अंगण पाहिलं. एक फेरी मारली. दुसरी मारली. मग सब्बल विटेवर टेकवून, मला नाही, आईला विचारलं,

"बाई, अंगण भल्लं साजरं झालं. पण मांडव कुठं गाडू? माह्या डोस्क्यात?"

आईनं तोंडावर पदर घेतला. बाबा वर आभाळाकडे पाहू लागले. मी वही उघडली. नऊ लाल टिंबं होती. दाराजवळचं पिवळा गोल केलेलं. टिंबं कागदावर नुसती विटांच्या वर बसली होती. बल्लीला दोन हात खाली जमिनीत जावं लागतं, हे त्यांच्यात कुठेच नव्हतं. मांडवासाठी अंगण केलं आणि मांडवालाच जागा ठेवली नाही. सगळ्यांना विचारलं होतं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. मांडवाला खड्डा लागतो, हे का कोणाला सांगावं लागतं?

"हॉल?" मी बाबांना कसंबसं विचारलं.

"कोण्या तोंडानं? कवाच दुसऱ्याले गेला तो."

ताई आतून हळदीच्या साडीत धावत आली होती. ती रडेल असं मला वाटलं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. उद्या याच वेळी तिच्या डोक्यावर मांडव हवा होता.

तेवढ्यात विटेवर खट्कन आवाज झाला. चाचा जेवणाच्या आमंत्रणाला म्हणून आले होते, नवा कुर्ता घालून. ते अंगणाच्या मधोमध उकिडवे बसले, मामांच्या सब्बलीचं टोक फटीत घातलं आणि एक वीट अलगद उचलून वर धरली. दात काढावा तशी निघाली.

"सिमेंट भरलं असतं त आज घन आणा लागला असता," ते म्हणाले. "काढा बेटा, तुह्या टिंबावर किती विटा येते त्या काढा."

मग जे झालं ते मला आठवलं तरी हसू येतं. मी वही घेऊन पुढे, "तिसरं टिंब, निंबाकडून दोन टेप!", ताई हळदीच्या साडीत टेपाचं टोक धरून, चाचा विटा उचलतात, मामा सब्बल मारतात, बाबा खड्ड्यातला मुरूम घमेल्यात भरतात. काढलेल्या विटा पुन्हा त्याच जागी बसाव्यात म्हणून मी प्रत्येकीवर खडूनं आकडे घातले. मामा म्हणाले, "अवो, विटांचीही हजेरी घेते काय हे पोट्टी?" मुहूर्तमेढ सगळ्यांत आधी गाडली होती. ती मात्र आईनं सोडलेल्या मातीच्या पट्टीतच आली, विटाच काढाव्या लागल्या नाहीत. तो पिवळा गोल हिरव्या पट्टीतच होता, आणि मलाच ते दिसलं नव्हतं.

लग्न दारात झालं. कोणी पडलं नाही. एक वीट हलायची, पण तिच्यावर आम्ही वाजंत्रीवाल्याला उभं केलं.

ताई सासरी गेली. बल्ल्या निघाल्या, आकड्यांप्रमाणे विटा परत बसल्या. दोन ठिकाणी खडू पुसला गेला होता, तिथली वीण जरा चुकली आहे. आई ती चूक येणाऱ्या प्रत्येकीला दाखवते. बाबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला वेगळंच सांगतात. "माह्या पोरीनं आधीच विचार करून ठेवला होता. मांडवासाठी विटा उचलाची सोय हाय." मी दोनदा सांगून पाहिलं, बाबा, तसं नव्हतं, मी विसरले होते. ते म्हणतात, "तू थांब, तुले नाही समजत."

परवा शेजारच्या काकूंनी वही मागून नेली. त्यांच्याकडेही पुढच्या साली लग्न आहे. द्यायच्या आधी मी शेवटचं पान उघडलं. 'निष्कर्ष' समोरची जागा कोरी होती, ती तशीच ठेवली. तिच्याखाली 'दक्षता' लिहून पहिला मुद्दा घातला: विटा मांडण्यापूर्वी मामाला बोलवावे, सब्बलीसह.