गच्चीवर वाळत घातलेल्या बायका

माझ्या दुकानात बाई येते ती कापड घेऊन. माप देते, गळा किती खोल हवा ते सांगते आणि ईदच्या आत मिळालं नाही तर भांडते. बहारीनमधल्या गुदैबियातलं माझं लेडीज टेलरिंगचं दुकान इतकी वर्षं ह्याच क्रमाने चाललं. म्हणून समोरच्या सलूनमध्ये केस करणारी केनियाची बाई एका दुपारी आत आली, थेट माझ्या मशीनखाली वाकली आणि म्हणाली, "हे सगळं तू फेकून देतेस?" तेव्हा मला वाटलं, हिचं कानातलं पडलं असावं.

तिला कातरण हवं होतं. जरीच्या कडा, अस्तराचे तुकडे, अबायाचं काळं कापड, काहीही.

"उशीत भरायला?" मी विचारलं.

"चित्रं करायला."

आमचं बोलणं म्हणजे हिंदी, इंग्रजी आणि अरबी खलास-यल्लाची खिचडी. इथे मी ते सरळ मराठीत सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला ॲसिडिटी व्हायची.

मी पिशवी भरून दिली. पुढच्या आठवड्यात ती मैत्रिणीला घेऊन आली. ही युगांडाची, मॉलमध्ये सिक्युरिटी गार्ड, उंचीने माझ्या शटरला लागेल अशी. दोघी माझ्याच इमारतीत राहायच्या. दुकान खाली, मी दुसऱ्या मजल्यावर, त्या चौथ्यावर आणखी काही जणींबरोबर. आतापर्यंत जिन्यात हसण्यापुरती ओळख होती. गार्डबाईंनी माझ्या कापण्याच्या टेबलावर हात फिरवला. एवढं मोठं टेबल पाहून लोक सहसा 'किती मोठं टेबल' म्हणतात. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी हे रिकामंच असतं ना?"

अशा रीतीने शुक्रवारी दुपारी माझ्या दुकानात आफ्रिका भरू लागली. कुणी घरकाम करणारी, कुणी मुलं सांभाळणारी, कुणी हॉटेलात खोल्या आवरणारी. येताना भाजलेले शेंगदाणे आणायच्या आणि जाताना टरफलं ठेवून जायच्या.

मी मुलीला विचारलं, "हे महिला मंडळ आहे का गं?" ती इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "अम्मी, इट्स अ कलेक्टिव्ह."

"मग अध्यक्षीण कोण?"

"नोबडी. दॅट्स द पॉइंट."

अध्यक्षीण नसल्याने काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. निळा दोरा घ्यायचा की हिरवा ह्यावर दुपार जायची. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय कात्री चालायची नाही. मी मनात म्हणायचे, ह्यांना आमच्या जमातीच्या मीटिंगला न्यायला हवं. तिथे एकमत चहाच्या आधीच झालेलं असतं आणि ते कुणाचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं.

एकदा केस करणारीने मला हे सगळं कुठून आलं ते सांगितलं. जगात ठिकठिकाणी काळ्या चित्रकारांनी असे गट केले होते. मोठ्या गॅलऱ्यांनी त्यांना दारात उभं केलं नाही, तेव्हा त्यांनी आपल्याच वस्तीच्या भिंती रंगवल्या, पोस्टरं छापून शेजाऱ्यांना वाटली. शेजारी म्हणाले, अरे, हा तर मी! "एकदा माणसाने स्वतःला भिंतीएवढं पाहिलं," ती म्हणाली, "की त्याला परत छोटं करणं अवघड जातं."

"तुमच्या सावळ्या..." मी बोलायला गेले.

"काळ्या म्हण," गार्डबाई म्हणाल्या. "जीभ पोळणार नाही."

मी म्हटलं. नाही पोळली.

त्यांचा नियम एकच होता, पण कडक. जिचं चित्र, ती ठरवणार आपण कसं दिसायचं. आणि कुणीही कामावर दिसायचं नाही. झाडू नको, ट्रॉली नको, युनिफॉर्म नको, दुसऱ्याचं मूल कडेवर नको. "कामावर आम्हाला सगळेच बघतात," गार्डबाई म्हणाल्या. "बघून झालंय ते."

मग एकेकीची फर्माईश सुरू झाली. मुलं सांभाळणारी इथिओपियाची मुलगी म्हणाली, "मला झोपलेली दाखवा. मंगळवारी, सकाळी दहा वाजता." चित्रात मंगळवार कसा दाखवायचा ह्यावर मोठाच वाद झाला. शेवटी खिडकीत भर ऊन शिवलं. दुसरीला सोफ्यावर बसून चहा प्यायचा होता आणि चहाचा ट्रे धरणारे हात कुणाचे हे तिला माहीत होतं, पण सांगणार नव्हती. फक्त एका हातातली मोठी अंगठी तिने माझ्याकडून तीनदा उसवून घेतली, नीट जुळेपर्यंत. गार्डबाईंना फक्त बसायचं होतं. ड्युटीभर उभं राहून त्यांचे पाय इतके सुजायचे की बूट काढताना दोघी लागायच्या. चित्रात त्या खुर्चीत बसल्या, पाय पसरून, आणि खुर्ची अशी ऐसपैस की चित्रं ज्यावर शिवायचो ती पलंगाची चादर अपुरी पडली. मला जोड द्यावा लागला.

कारण शिवण माझ्याकडे होती. त्या कापायच्या, टाचायच्या, मी मशीन मारायचे. मी गटात होते का? नव्हते. "तू पाहुणी," केस करणारीने स्पष्ट सांगितलं होतं. "शिवणारी पाहुणी."

पण एक दिवस माझी ओढणी सरकली आणि ती माझ्या केसांकडे बघतच राहिली. दर महिन्याला इस्त्री फिरवल्यासारखे मी ते सरळ करून घेते. मुळाशी मात्र ते ऐकत नाहीत.

"हे केस कुणाचे?" तिने विचारलं.

"माझेच."

"नाही, आणले कुठून?"

आमच्याकडे ह्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे. आमचे पूर्वज अरबस्तानातून गलबतातून कोकणात आले. रायगड-रत्नागिरीतल्या प्रत्येक कोकणी मुसलमान घरात हे गलबत एकदा तरी लागलेलंच आहे. बहारीनमध्ये इतकी वर्षं राहून मी पाहिलंय, इथल्या अरबांना मात्र आम्हा नातेवाइकांची अजिबात आठवण नाही. पण त्या दिवशी का कोण जाणे, मी दुसरंच सांगितलं. मी मुरुडची. आमच्या किनाऱ्यासमोर समुद्रात जंजिरा किल्ला आहे. तिथे सिद्दी नवाबांनी राज्य केलं. ते आफ्रिकेतून आले होते.

टेबलावरच्या सगळ्या कात्र्या थांबल्या.

"राज्य केलं?" गार्डबाई म्हणाल्या. "आणि हे तू आज सांगतेस?"

"ते नवाब होते. आम्ही मासेवाल्यांच्या आळीतले. आमचा काही संबंध..."

"केसांना विचार," केस करणारी म्हणाली.

माझं सदस्यत्व चर्चेला आलं. कितीतरी शुक्रवार गेले. एक बाजू म्हणायची, किल्ला पुरे आहे. दुसरी म्हणायची, हिला रस्त्यात कुणी आम्हाला हाक मारतात तशी कधी मारलीय का? नाही ना? मग? मी दोन्ही बाजूंना चहा देत होते. मला दुसरी बाजू पटत होती, पण पाहिजे होती पहिली. अखेर एकमत झालं. केस सदस्य आहेत, मी पाहुणी.

सदस्य असल्याने केसांचं चित्र काढणं भाग होतं. मी टेबलावर पाय ठेवून आंबा खातेय, मापाची टेप जमिनीवर पडलीय आणि डोक्यावर काळ्या अबायाच्या कातरणाचं हे एवढं कुरळं रान.

चित्रं झाली, आता दाखवायची कुठे? माझ्या दुकानात एक चित्र उलगडलं की दार बंद व्हायचं. गच्ची होती, पण गच्चीवर नातूर होता. इमारतीच्या रखवालदाराला इथे नातूर म्हणतात. आमचा बिहारचा. पूर्वी ह्या बायका शुक्रवारी गच्चीत बसून एकमेकींच्या वेण्या घालायच्या, गाणी म्हणायच्या. कुणीतरी तक्रार केली आणि नातूरने कुलूप लावलं. "छत पे मजमा नहीं. सिर्फ कपड़ा सुखाना," हा त्याचा कायदा.

"सिर्फ कपड़ा?" केस करणारीने विचारलं.

"सिर्फ कपड़ा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आमची चित्रं कशाची होती?

फेब्रुवारीतला एक वाऱ्याचा शुक्रवार धरला. पाहुण्यांना निरोप गेला की येताना बादली आणा, आणि बादलीत एक तरी ओला कपडा. दुपारपासून जिन्यात मिरवणूक. हॉटेलातल्या बायका, त्यांचे मित्र, सलूनमधल्या गिऱ्हाइकणी, सगळ्यांच्या हातात बादल्या. नातूर दारात उभा राहून प्रत्येक बादलीत डोकवायचा. माझा नवरा हिद्दला बंदरावर क्लार्क आहे, नाकासमोर चालणारा माणूस. तोही आपली ओली लुंगी घेऊन आला. "मला खोटं बोलायला लावू नका," म्हणाला आणि खरोखर कोपऱ्यात जाऊन लुंगी वाळत घातली.

दोऱ्यांवर बायका फडफडत होत्या. एक उन्हात झोपलेली, एक चहा पिणारी, एक बसलेली. त्यांच्यामधून जिवंत बायका फिरत होत्या आणि आपल्या चित्राखाली थोडा जास्त वेळ उभ्या राहत होत्या.

अरादहून माझी नणंद, आमची आपा, आली. गलबताची गोष्ट सर्वात जोरात सांगणारी तीच. माझा नवरा माझ्या फुफीचा, म्हणजे आत्याचा मुलगा, म्हणजे तिची नानी ती माझी दादी, आम्हा दोघींची बडी अम्मा. आंबा खाणाऱ्या बाईसमोर आपा थबकली.

"ही आपली बडी अम्मा," ती म्हणाली. "इथे कुणी आणली?"

"आपा, ती मी आहे."

आपाने एकदा चित्राकडे, एकदा माझ्या सरळ केसांकडे पाहिलं. मला वाटलं, आता गलबत निघणार. पण ती केस करणाऱ्या बाईकडे वळली आणि म्हणाली, "माझं काढायला किती शुक्रवार लागतील? मला गाडी चालवताना पाहिजे." आपाला गाडी येत नाही. पण नियम नियम होता. जी ती ठरवणार.

इतक्यात नातूर आत आला. त्याने झोपलेल्या बाईचा कोपरा चिमटीत धरला. "ये तो सूखा है. सूखा कपड़ा उतारो."

मग गार्डबाईंनी शांतपणे जवळची बादली उचलली आणि झोपलेल्या बाईवर रिकामी केली. सगळ्यांना तेवढंच पाहिजे होतं. बादल्या उडाल्या. लुंग्या, टॉवेल, पाणी, किंकाळ्या! स्वस्त लाल कापडाचा रंग सुटला, उशी गुलाबी झाली, चहावालीचा सोफा गुलाबी झाला आणि तो सगळा गुलाबी रंग गच्चीच्या नळीतून खाली गल्लीत कोसळला.

खाली इमारतीचे मालक गाडीतून उतरत होते.

म्हातारे गृहस्थ जिना चढून आले तेव्हा धापा टाकत होते. पांढऱ्याशुभ्र थोबवर, म्हणजे अरबी पायघोळ अंगरख्यावर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत गुलाबाच्या पाकळ्या. आम्ही सगळ्या ओल्याचिंब. ते आमच्याकडे नाही, नातूरकडे बघत होते.

"हे काय चाललंय?" त्यांनी तोडक्या हिंदीत विचारलं.

नातूरचा चेहरा मी आजही विसरले नाही. खरं सांगावं तर, इतकी माणसं आत सोडली कुणी, हा प्रश्न येणार.

"कपड़ा सुखा रहे हैं, बाबा. सब चादर है."

मालकांनी झोपलेल्या बाईला हात लावून पाहिलं. ओली होती. "चादरीला एवढं मोठं तोंड?"

"आफ्रिका का डिझाइन है, बाबा."

"आणि ही झोपलीय का? आजारी आहे?"

"नाही," इथिओपियाची मुलगी पुढे होऊन म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मंगळवार आहे."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, स्वतःच्या थोबकडे पाहिलं. "खलास," एवढंच म्हणाले आणि रेलिंग धरून खाली उतरले. ते 'खलास' रागाचं की हसण्याचं ह्यावर गटात अजून एकमत झालेलं नाही.

पण नातूर कायमचा अडकला. एकदा मालकांसमोर त्या चादरी म्हणून सांगितल्यावर पुढच्या शुक्रवारी त्यांना अडवणार कसा? गच्ची उघडी राहिली. वेण्या परत सुरू झाल्या, गाणीही, दाखवायला एक बादली भरून ठेवलेली असते तेवढंच.

मॉलमध्ये गार्डबाईंनी आपल्या चित्राचा फोटो फोनवर लावला. बरोबरच्या गार्डांनी मागून घेतला. केरळचे, नेपाळचे, सगळ्यांच्या फोनवर पाय पसरून बसलेली तीच बाई. सुपरवायझरने विचारलं, ही कोण? ते म्हणाले, आम्ही. मग ते सगळे मिळून त्याच्याकडे गेले. एकदा नाही, बऱ्याचदा. आता प्रत्येक दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची आहे. हात नसलेली, पण खुर्ची. ती बातमी घेऊन गार्डबाई दुकानात आल्या, माझ्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

सध्या गटाने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला मापाचं आवरण करायचं काढलंय. टाकी गोल, त्यामुळे चित्राला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ह्यावर वाद पेटलाय. मी माप घेऊन ठेवलंय. जाड कापडाला सोळा नंबरची सुई लागेल, हे मात्र मी त्यांना ठणकावून सांगितलं, आणि त्यावर लगेच एकमत झालं.