लिस्बनची फायनल आणि सबनीसांची व्यवस्था

गुरुदत्त सबनीस स्वतःच्या लग्नालाही हजर नव्हता, असं त्याची बायको मंजिरी सांगते, आणि त्यात फार खोटं नाही. चिंचवडच्या कार्यालयात अंतरपाट धरायची वेळ झाली तेव्हा नवरदेव मागच्या बाजूला आचाऱ्याशी जिलब्यांच्या पाकावरून हुज्जत घालत होता. मामाने दंडाला धरून आणला म्हणून लग्न लागलं. पुढे चिंचवडचं सिडनी झालं, नोकरी आयटीतली झाली, पण माणूस काही आचाऱ्यापासून हलला नाही.

टूनगॅबीच्या मराठी मंडळात त्याच्यावाचून पान हलत नसे. गणपतीच्या सतरंज्या, दिवाळी पहाटेचे माइक, वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून आणायचं मोदकाचं पीठ, सगळं त्याच्या अंगावर. हॉलमध्ये गाणं रंगात आलेलं असे आणि हा बाहेर कार पार्कमध्ये हातवारे करत 'मेट, नॉट हिअर, नॉट हिअर' करत उभा. बारा वर्षांत त्याने मंडळाचा एकही कार्यक्रम चुकवला नाही आणि एकही पाहिला नाही.

मुलगी शिवांगी सहा वर्षांची असल्यापासून फुटबॉल खेळायची, डाव्या बाजूची बचावपटू. तिच्या प्रत्येक सामन्याला बाप हजर. पिवळं जाकीट घालून शंकू मांडायचे, जाळी बांधायची, संत्र्याच्या फोडी करायच्या. बचावपटूच्या नशिबी गोल क्वचितच येतो. तिने आयुष्यातला पहिला मारला तेव्हा गुरुदत्त टॉयलेटची किल्ली शोधत होता. ती धापा टाकत सांगायला आली, तर म्हणाला, "वा! जाळी टिकली ना पण?"

आणि मग आलं २०२०. मंडळ बंद, मैदान बंद, हॉल बंद. सगळं जग आजाराला घाबरलं होतं, गुरुदत्त रिकामपणाला. पहिल्या महिन्यात त्याने घरातल्या झाडून सगळ्या डब्यांना लेबलं लावली. मंजिरी वेस्टमीडच्या लॅबमध्ये शिफ्टवर शिफ्ट करत होती. ती एका संध्याकाळी घरी आली तर दारात तिच्या आंघोळीचं लॅमिनेट केलेलं वेळापत्रक.

"दिवसभर लोकांचे नमुने तपासून आलेय," ती म्हणाली. "वेळापत्रक नको, चहा दे."

युरोपातली चॅम्पियन्स लीगही मार्चमध्ये मध्येच थांबली होती. एरवी दोनदोन सामन्यांचा हिशेब असतो, इथे हरलात तर तिथे भरून काढा. मग ठरलं की ऑगस्टमध्ये उरलेल्या आठ संघांनी लिस्बनला यायचं, रिकाम्या स्टेडियममध्ये एकेकच सामना खेळायचा, आणि हरेल त्याने घरी जायचं. सामना सुरू व्हायचा तेव्हा सिडनीत पहाटेचे पाच.

शिवांगीचं बारावीचं वर्ष. अभ्यासाला उठायचंच होतं, ती बापाला म्हणाली, "बाबा, कम वॉच. तुझं काही चालू नाहीये ना?" तिने हे चांगल्या मनाने विचारलं होतं. गुरुदत्तला मात्र ते लागलं. काही चालू नव्हतं हे खरं होतं.

तर बायर्न आणि बार्सिलोनाच्या सामन्याला, शनिवारी पहाटे, तो प्रथमच सोफ्यावर बसला. "रिकामं स्टेडियम! मग खुर्च्या कोण पुसतं?" हा त्याचा पहिला प्रश्न. "आणि बॉल सॅनिटाइज करणारा माणूस वेगळा असेल ना?"

"बाबा. वॉच द बॉल."

त्याने चेंडूकडे पाहिलं. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून पाहिलं, आणि अडकला. मध्यंतरापर्यंत चार-एक. नंतर बायर्नचा एकोणीस वर्षांचा डावा बचावपटू कडेकडेने सुसाट निघाला, एकाला चकवून थेट गोलच्या तोंडाशी गेला आणि साथीदाराच्या पायात अलगद चेंडू ठेवला, तेव्हा गुरुदत्त ताडकन उभा राहिला. "अगं, हा तर तुझ्या जागी खेळतो!"

"येस, बाबा. अकरा वर्षं मी तिथेच खेळतेय."

आठ-दोन. बार्सिलोनाची पार दाणादाण उडाली आणि सबनीसांच्या घरी चहात टोस्ट बुडवून खाताना बापलेक खिदळत होते. शिवांगी हरलेल्यांच्या पडेल चेहऱ्यांची नक्कल हुबेहूब करायची. लेकीवर आपला जीव आहे हे गुरुदत्तला ठाऊक होतंच, ती इतकी गमतीशीर आहे हे त्याला तिच्या सतराव्या वर्षी कळलं. त्याला स्वतःची थोडी लाजही वाटली, पण टोस्ट संपले आणि ते राहून गेलं.

उपांत्य फेरीचे दोन्ही सामने त्यांनी असेच पाहिले. दुसरा संपल्यावर ती म्हणाली, "फायनल मंडेला आहे. जस्ट यू अँड मी, ओके? हाफटाइमला तुला एक सांगायचंय. महत्त्वाचं आहे."

"आत्ता सांग की."

"नो. हाफटाइम. पंधरा मिनिटं असतात. प्रॉमिस कर."

गुरुदत्तने तिच्या हातावर हात मारून वचन दिलं. गुरुवार होता. शुक्रवारी मंडळाच्या अध्यक्षा चित्रलेखाताईंचा फोन आला.

"गुरुदत्त, लोक अगदी कंटाळलेत रे. तुझ्या त्या फुटबॉलचं झूमवर काहीतरी कर ना. तूच करू शकतोस."

शेवटच्या तीन शब्दांनी घात केला. दारू सुटलेल्या माणसाला कुणी नुसता वास द्यावा, तसं झालं. "फक्त लिंक पाठवतो," असं तो मंजिरीला म्हणाला. शनिवारी कार्यक्रमपत्रिका तयार झाली. रविवारी तिच्यात दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, मध्यंतरात पाहुण्यांचं मनोगत आणि शेवटी आभारप्रदर्शन एवढं बसलं. फुटबॉल हा आयटेम चौथा होता.

"आणि शिवांगी?" मंजिरीने विचारलं.

"मी घरातच आहे की! स्टडीतून हॉल आठ पावलांवर. मध्यंतरात पाहुण्यांना बोलतं केलं की मी तिच्याकडे मोकळा."

सोमवारी पहाटे चाळीस घरं झूमवर हजर झाली, अंगात स्वेटर, हातात मग. प्रत्येकाने सामना आपापल्या टीव्हीवर पाहायचा होता, पण भाषणाच्या वेळी टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, असा नियम होता. अंजूवहिनींनी समई लावली आणि त्यांच्या घरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. त्यांचा नवरा शैलेंद्र टॉवेलने वारा घालत असताना मागे स्वागतगीत झालं. पॅरिस आणि बायर्न मैदानात उतरले तेव्हा गुरुदत्त कुणाचा तरी म्यूट काढून देत होता. पहिल्या अर्ध्या सामन्यातलं त्याने एवढंच पाहिलं की अपूर्वच्या घरचा कॅमेरा छताकडे आहे.

मध्यंतर झालं. प्रमुख पाहुणे रवींद्रकाका, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेले, 'खेळातून व्यक्तिमत्त्व विकास' या विषयावर दोन शब्द बोलणार होते. गुरुदत्त उठायला लागला तोच काकांचा आवाज गेला. तो परत आणून दिला, तर चित्र गेलं. चित्र आणलं, तर काका म्हणाले, "गुरुदत्त, तू इथेच थांब हं. परत काही झालं तर?"

तो थांबला. पंधरा मिनिटं गेली. काका अजून बालपणातच होते, त्यांचं व्यक्तिमत्त्व विकसित व्हायला बराच अवकाश होता. उत्तरार्ध सुरू झाला. अशा वेळी दुसऱ्या कुठल्याही जमातीने वक्त्याला थांबवलं असतं. पण प्रमुख पाहुण्याला म्यूट करणं मराठी माणसाच्या हातून होत नाही, मग समोर काहीही घडो. चाळीस घरांनी नियम पाळला, टीव्ही मुके ठेवून मान डोलावली.

आणि अचानक चाळीसच्या चाळीस चौकटींतले लोक आ वासून उभे राहिले. कुणी कपाळावर हात मारला, कुणी शेजारच्याला मिठी मारली, सगळं बिनआवाजी. काका त्या वेळी शिस्तीबद्दल बोलत होते. गुरुदत्तला भरून आलं. भाषण लोकांना इतकं भिडलं!

गोल झालाय, हे त्याला साडेसातला, आभारप्रदर्शन उरकून बाहेर आल्यावर कळलं. टीव्ही बंद होता. त्याच्या सोफ्यावर, त्याच्या जागी, मंजिरी पाय वर घेऊन बसली होती.

"एक-शून्य, बायर्न," ती म्हणाली. तिला आजवर थ्रो-इन माहीत नव्हता. "उजवीकडून चेंडू उचलून टाकला, आणि पलीकडे मोकळा उभा होता त्याने डोक्याने मारला. पॅरिसमध्ये जन्मलेला पोरगा, त्याच क्लबात वाढलेला, आणि त्यांच्यावरच गोल! शिवांगीने सगळं समजावलं मला."

"अरे वा." गुरुदत्त काठावर टेकला. "आणि ते... ती काहीतरी सांगणार होती."

"मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीला पहिली पसंती टाकतेय. फिजिओथेरपी. इथलं मिळालं तरी घेणार नाही म्हणते. पंधरा मिनिटं दाराकडे बघत होती रे, नंतर मला सांगितलं. शैलेंद्रच्या मुलीला, कादंबरीला, महिनाभर माहीत आहे."

मेलबर्न तेव्हा कडीकुलपात होतं, सीमा बंद होती. तिथे कोण जातं, हे म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मग त्याला उमगलं की कित्येक महिन्यांपासून हे ठरत असणार, याच घरात, आठ पावलांवर.

शिवांगी युनिफॉर्म घालून स्वयंपाकघरात डबा भरत होती. तो दारात उभा राहिला. आता आड लपायला समोर कुणाचा माइकही नव्हता.

"मला पण सांग ना. पहिल्यापासून. मी ऐकतो."

तिने डब्याचं झाकण दाबलं. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"इट्स ओके, बाबा. मम्मीला सगळं माहितीये." मग त्याचा चेहरा पाहून तिला कीव आली असावी, ती त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "मूव्हिंगचं तू बघ ना. ट्रक, बॉक्सेस, लेबल्स, ऑल दॅट. यू आर रिअली गुड अ‍ॅट इट."

ती शाळेला गेली. गुरुदत्त सबनीसला काम मिळालं आणि रडू आलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.